बाबांच्या पन्नाशीची कापणी

दसरा झाला की मी अजूनही एकदा खेडला माहेरी जाऊन येते. रत्नागिरीहून निघालेली गाडी हातखंब्याला हायवेला लागते आणि तिथून पुढे, उजवीडावीकडे कुठे एखादा कापलेला तुकडा आला की खिडकीतून तो वास आत येतो. नुकत्याच कापलेल्या भाताचा. ओल्या दांड्याचा गोडसर, त्यात चिखलाचा, त्यात उन्हाचा. हल्ली निम्मी शेतं ओसाड असतात. नांगरायला माणूस नाही म्हणून गवत कंबरेएवढं वाढलेलं असतं. पण वासाला तेवढा एखादा तुकडाही पुरतो. तो आला की मला माझे बाबा दिसतात. ओसरीवर बसलेले, हातात पितळी पेला, पेल्यात किराइताचा कडू काढा आणि तोंड असं, की जणू कोणी त्यांना शेण खायला घातलंय.

आमच्या घरात पुरुष पन्नाशी बघत नाहीत, असं गावात म्हणायचे. कुजबुजायचे नाहीत, उघड म्हणायचे. एखाद्या घरात मुली उंच निपजतात असं म्हणावं, तसं. पणजोबा पन्नाशीच्या आत गेले. आजोबा गेले ते खळ्यावरच. डोक्यावरून आणलेला भारा त्यांनी खाली टाकला आणि भाऱ्याबरोबर स्वतःही खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला गेला, तिथे दुसरं पाणी प्यायला, दुसरं अन्न खाल्लं आणि तरीही त्याच वयाला गेला. तिघांनाही छातीनेच नेलं, आणि तिघेही भात घरात यायच्या दिवसांत गेले. माजघरात आजोबांचा एक फोटो होता. बंद गळ्याचा कोट, डोळे थोडे घाबरल्यासारखे. ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी बाबा त्या फोटोखाली उभे राहिले की बाबाच थोरले दिसायचे. फोटोतला माणूस त्यांचा धाकटा भाऊ शोभला असता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे ती कोणी सांगत नसे, कारण सगळ्यांना माहीत होती. बाबा दत्तक होते. आजीला मूल झालं नाही. तिची धाकटी बहीण दापोलीच्या पलीकडे समुद्राकाठी दिलेली, तिला एकापाठोपाठ एक मुलगेच. त्यातला एक आजीने मागून घेतला आणि कडेवर बसवून इकडे आणला. ती बहीण लवकर वारली. तिचा नवरा, म्हणजे बाबांचे जन्मदाते वडील, तात्या, तिकडे माडांच्या वाडीत होते. मुलगा दिल्यावर त्यांनी आमच्या घरी पाऊल म्हणून टाकलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, दिलेल्या पोराच्या दारात बापाने घुटमळू नये, पोर दोन्हीकडचं राहत नाही. लग्नाकार्यात कुठे भेट व्हायची. बाबा वाकून नमस्कार करायचे, विचारायचे, "तात्या, बरे आहात ना?" आणि तात्या म्हणायचे, "बरा हाय, वसंतराव. तुमी?" जन्म दिलेल्या मुलाला ते अहोजाहो करायचे.

आज वाटतं, कोणालाच कसं सुचलं नाही की बाबा त्या रक्ताचेच नव्हते! पण तेव्हा आयुष्य हे माणसाचं नसून घराचं असतं, अशी सगळ्यांची समजूत होती. विहिरीच्या पाण्यातून, चुलीवरच्या अन्नातून, देव्हाऱ्यातल्या देवांकडून ते येतं. दत्तक घेतलेल्याला जमीन मिळते, आडनाव मिळतं, देव मिळतात. मग हे तेवढं का मिळणार नाही?

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी खेडच्या कॉलेजात अकरावीला होते. लोट्याला कारखाने येऊन स्थिरावले होते आणि बाबा तिथल्या एका कंपनीत स्टोअरमध्ये पाळीने कामाला जात. खाकी कपडे, डबा, कोपऱ्यावर येणारी कंपनीची बस. पाळी संपवून आले की शेत. आजोबा ज्या वयाला गेले ते वय बाबांना त्या पावसाळ्यात लागलं. आणि नवरात्राचे घट बसले त्या दिवशी आजीने मोहीम उघडली.

आधी खोबरं गेलं. ज्या घरात डाळीपासून माशापर्यंत सगळ्याला ओल्या खोबऱ्याचं वाटप लागतं, तिथे बाबांच्या ताटातलं वाटप गेलं. मग मीठ गेलं, लोणचं गेलं, पापड गेला. शेवटी सुकी मासळी गेली, आणि तेव्हा मात्र बाबांचा चेहरा उतरला. निखाऱ्यावर भाजलेला बोंबील आणि गरम पेज, एवढ्यावर तो माणूस कोणताही दिवस काढू शकत असे. आई दोन चुलींवर दोन स्वयंपाक करायची. शेजारीपाजारी येताना काहीतरी घेऊन यायचे. कोणी मेथीची पूड, कोणी कुठल्याशा झाडाची साल. एकाने तर सांगितलं, उजव्या कुशीवर झोपायचं नाही. बाबा सगळ्यांना हो म्हणायचे. कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर ते रोज दोन वडे खातात, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. आईला ते आधीच माहीत होतं. शर्टाच्या खिशाला तेलाचा डाग असायचा आणि ती तो काही न बोलता धुवायची.

शेतावर जायला आजीची बंदी होती. त्या वर्षी भातही असं आलं होतं की बघत राहावं. सकाळी धुकं उतरलेलं असायचं, लोंब्यांवर दवाचे थेंब, पोपटांचे थवे कापायच्या आधीच जेवायला उतरलेले. बाबा पाळीवरून आले की बांधावर उभे राहून नुसते बघायचे. आजी घरातून हाक मारायची, "वसंता, ऊन लागंल." बाबा मागे वळायचे. एवढा बापमाणूस, पण एकदाही उलट बोलले नाहीत. त्यांना स्वतःलाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी त्यांना कधी छातीला हात लावून थांबलेलं पाहिलं नाही. पण आंघोळीला गेले की आतून कडी लावायचं त्यांनी बंद केलं होतं. त्याचा अर्थ मला मोठी झाल्यावर लागला.

मग कंपनीत तपासणी झाली. सगळ्या कामगारांची व्हायची. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, नीट विचारपूस करणारा. बाबांनी त्याला वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, काकांचं सांगितलं. तो गंभीर होऊन ऐकत होता. तेवढ्यात बाबांच्या मागे रांगेत उभा असलेला त्यांचा सोबती म्हणाला, "डॉक्टर, पण हे दत्तक आहेत."

"मग आधी नाही का सांगायचं!" डॉक्टर हसलाच. "ती मंडळी तुमच्या रक्ताची नव्हेत. त्यांचं दुखणं तुमच्याकडे यायचं कारणच नाही. जन्मदाते वडील आहेत?"

"आहेत. पंचाहत्तरीच्या पुढे. माडावर चढतात अजून."

"मग झालं तर! तुम्ही त्यांचे. फक्त प्रेशर वाढलंय तुमचं, ते कोणी दिलेलं नाही, ते तुम्ही स्वतः कमावलंय. पाळ्या, जागरणं, मीठ. गोळी देतो, ती चुकवू नका."

हे सगळं बाबांनी संध्याकाळी ओसरीवर बसून सांगितलं. बातमी म्हणून सांगितलं, बस किती उशिरा आली हे सांगावं तशा आवाजात. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती आत गेली आणि देवापुढे साखर ठेवून आली. मला तर नाचावंसं वाटत होतं. आजी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. आणि बाबा, ज्यांच्यासाठी ही साखर होती, ते खाली मान घालून बसले होते.

"काय झालं वो?" आईने विचारलं.

बाबा आजीकडे बघून म्हणाले, "आये, त्या डाक्टरनं एका वाक्यात माजा बाप काढून घेतलान."

मग बाबाच बोलत राहिले, तुटक तुटक. "जगबुडी नदीला पूर आला तवा मला खांद्यावर घेऊन पलीकडं गेले ते कोन? माज्या हातात इळा दिला, पेंढी बांदायला शिकवली, ते कोन? ते गेले तवा मी चौदा वर्सांचा. अग्नी मी दिला. आनि आता तो म्हनतो, ते तुमचे कोन नव्हत."

मरण नकोच होतं बाबांना. पण घरातल्या पुरुषांच्या त्या रांगेतून कोणी बाहेर काढलेलंही त्यांना नको होतं. त्या फोटोतल्या माणसाचं जे काही आहे ते आपलं, मग ते दुखणं का असेना, असं त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलेलं होतं. डॉक्टरने दोन्ही एकदम काढून घेतलं, आणि तो चुकलाही नव्हता. ते जेवले नाहीत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जेवले, पण गोळीचं पाकीट कोनाड्यात तसंच पडून होतं. ती गोळी घेणं म्हणजे डॉक्टरचं म्हणणं मान्य करणं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं असावं.

मग एका सकाळी आजी वाडीतल्या एका माणसाच्या घरी गेली. त्याला कामासाठी दापोलीकडे जायचं होतं. त्याच्याकडे तिने निरोप दिला. "तात्यांना सांग, अक्कानं झोडनीला बोलावलंय. येवाच म्हनावं."

तात्या आले ते कापणी उरकल्यावर, दुपारच्या एसटीने. त्यांच्या आधी त्यांच्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास अंगणात आला. उंच, काटकुळे, ताडासारखे सरळ, गुडघ्यापर्यंत पंचा, हातात छत्री. अंगणाच्या कडेला येऊन ते थांबले. चाळीसहून जास्त वर्षं जिथे पाऊल टाकलं नव्हतं तिथे एकदम कसं टाकावं, असं झालं असेल.

आजी म्हणाली, "आत येवा, तात्या. बोलावल्यावर भायेर उभं ऱ्हायचं नसतं."

बाबा ओसरीवरून उठून पुढे गेले आणि वाकले. "बरे आहात ना?" "बरा हाय, वसंतराव." मग तात्यांनी छत्री खुंटीला लावली आणि विचारलं, "भात कुठं रचलंत?" आणि दोघे मिळून भात बघायला गेले.

त्या दिवशी तात्या जेवताना मी त्यांच्यासमोर बसले होते. भाजलेला बोंबील, वर कच्चा कांदा, भाताचा डोंगर, त्यावर कालवण, कालवणावर पुन्हा मीठ. बाबा शेजारी बसून अळणी डाळ ओरपत होते. मी विचारलं, "तात्या, तुम्ही असं काय खाता की या वयात माडावर चढता?"

"काय गो बाय, गावंल ते." तात्या हसले. दात जवळजवळ सगळे होते. "माज्या बापानं बिडी कंदी सोडलान नाय, तरी नव्वदीला गेला. माज्या थोरल्या भावानं कंदी कशाला हात नाय लावला, तो साठीत गेला. आता सांग, खानं मोठं का रगत मोठं? मला तर कायपन कळत नाय. मी आपला भूक लागली का जेवतो, नि दमलो का बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी झोडणी सुरू झाली. शेणाने सारवलेलं खळं, मधे आडवी ठेवलेली फळी, एका बाजूला भाताच्या पेंढ्यांची रास. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची, दाणे खाली झडले, की पुन्हा वर. तात्या एका बाजूला उभे राहिले. बाबा समोर उभे राहिले आणि आजी नाही म्हणाली नाही. ती सूप घेऊन कडेला बसली. मी दाणे लोटत होते.

थोड्या वेळाने माझा हात थांबला. पेंढी वर नेताना तात्यांचा उजवा कोपर जरासा बाहेर जायचा आणि डाव्या पायाची टाच उचलली जायची. बाबांचंही तसंच. कोपर बाहेर, टाच वर. हे दोघे एकत्र कधी राबले नव्हते. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. दोन पेंढ्या एका वेळी वर, एका वेळी खाली. मी आजीकडे पाहिलं. तीही तेच बघत होती. चाळीस वर्षं रोज बघितलेली गोष्ट आज मूळ जागी बघावी, तसं.

पण एक फरक होता. चारसहा पेंढ्या झाल्या की तात्या थांबायचे, मोठ्याने म्हणायचे, "दमलो गो अक्का," आणि खुशाल सावलीत बसायचे. तांब्या तोंडाला लावायचे, पाणी पोटभर प्यायचे, अंगावर सांडायचे, पुन्हा उठायचे. बाबा एकदाही बसले नाहीत. उन्हं चढली. बाबांच्या शर्टाचा रंग घामाने बदलला. मग चेहऱ्याचाही बदलायला लागला. ओठ आवळलेले, जबडा घट्ट. पेंढी वर जायची ती आता डोक्यापर्यंत पोचत नव्हती.

"वसंता, बस," आजी म्हणाली.

"होतंय, आये. थोड्याच पेंढ्या ऱ्हायल्यात."

आजीने सूप खाली ठेवलं. ती उठली, खळ्यात गेली आणि फळीवर येणारी पेंढी तिने मधेच हातात धरली. भात तिच्या अंगावर उडालं.

"तुजा बाप पन हेच बोलला व्हता," ती म्हणाली. "असाच उभा व्हता. तोंडाचा रंग असाच. मी म्हटलं बसा, तर म्हनाले होतंय. त्यांचा बाप तसाच. त्यांचा भाऊ तसाच. दमलो म्हनायचं नाय, दुखतंय म्हनायचं नाय. डाक्टर बोलला ते खरं असंल. रगत तुजं तात्यांचं. पन ह्यो हट कोनाचा? ह्यो तात्यांचा नाय, ते बग कसे बसलेत. ह्यो तू त्यांच्याकडनं घेतलास, माज्या डोळ्यांदेखत. मंग ते तुजे बाप कसे नव्हत?"

बाबा पेंढी धरून उभेच होते.

"बाप तुला ऱ्हवंदे," आजी म्हणाली. "हट तेवढा सोड."

बाबांच्या हातातली पेंढी सुटली. ते हळूच खाली बसले, तिथेच, पेंढ्यावर. छातीवर हात ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "दमलो, आये." असं म्हणताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. तात्यांनी तांब्या आणून त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या आंब्याकडे बघत उभे राहिले, म्हणजे वसंतरावांना लाज वाटू नये. आईने घरातून गोळी आणली. बाबांनी ती घेतली. राहिलेल्या पेंढ्या तात्यांनी संपवल्या, मधे मधे बसत. भात घरात येईपर्यंत ते राहिले.

त्यानंतर आमच्या घरात तो शब्द सुरू झाला. बाबा कंपनीच्या बसमधून उतरले की अंगणातून ओरडायचे, "दमलो गोऽ!" जणू काही मोठं काम करून दाखवल्याची दवंडी. आजी आतून म्हणायची, "मंग बस." गोळी चालू राहिली. मीठ सगळ्या घराचंच कमी झालं. टपरीवरचे वडे आईने एक दिवस सरळ विचारून बंद केले, खोबरं आजीने माफ केलं. माघात बाबांना पन्नास पूर्ण झाली. त्या दिवशी आजीने स्वतः पाट्यावर वाटप वाटून माशाचं कालवण केलं. बाबा तीनदा भात घेऊन जेवले.

पुढे बाबा पुष्कळ जगले. गुडघे गेले, कान गेले, गोळ्या एकाच्या चार झाल्या, आणि सत्तरी ओलांडून बऱ्याच पुढे, एका पावसाळ्यात अंथरुणात शांतपणे गेले. फोटोतल्या आजोबांहून कितीतरी थोरले, आणि नव्वदी गाठलेल्या तात्यांच्या त्या बिडीवाल्या वडिलांहून कितीतरी लहान. दोन घरांच्या मधे कुठेतरी. मी विचार करते, ती मधली वर्षं कोणाची म्हणायची? रक्ताची, गोळीची, की आजीने मधेच धरलेल्या त्या पेंढीची? मला अजून सांगता येत नाही. माझी मुलगी परवा म्हणाली, "आई, तुझं काही दुखत असलं तरी तू बोलत नाहीस." मी चपापले. म्हणजे फोटोतल्या माणसाचं काहीतरी माझ्यापर्यंतही आलंच होतं, रक्ताचा थेंबही न लागता.

आणि तात्या? सगळ्यांना वाटत होतं ते शंभरी गाठतील. ते गेले दोनच वर्षांनी, वैशाखात, सगळ्यांनी नको नको म्हटलेल्या एका उंच माडावरून पडून. त्यांना ना खाण्याने नेलं ना रक्ताने. बाबा निरोप मिळाल्याबरोबर गेले. तिकडच्या भावांनी सगळं केलं, बाबा मागे उभे राहिले आणि परत आले. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्याचं सुतक पूर्ण लागत नाही, त्यामुळे इकडे काही करायचं नव्हतं. बाबा कामावर जायला लागले.

दहाव्या दिवशी सकाळी आजीने न्हाव्याला बोलावून घेतलं. अंगणात पाट मांडला आणि बाबांना म्हणाली, "बस. डोकं करून घे."

शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "अगो, त्याला लागत नाय ते. दिलेलं पोर ना?"

"मला ठावं हाय काय लागतं नि काय नाय," आजी म्हणाली.

बाबा पाटावर बसले. वस्तरा फिरत गेला आणि पांढरट केस पाटाभोवती पडत गेले. हळूहळू खालून एक डोकं बाहेर आलं, लांबट, मागे उतरतं, कानांच्या वर दोन्हीकडे दबलेलं. आम्ही सगळे बघत राहिलो. हुबेहूब तात्या. न्हावी निघून गेला तेव्हा आजी उठली. तळहातावर खोबरेल घेतलं आणि बाबांच्या डोक्यावर चोळायला लागली, सावकाश, चारी बाजूंनी.

"आनला तवा असंच व्हतं," ती म्हणाली. "नुकतंच जावळ काढलेलं. कोनपन बगून सांगंल, पोर कोनाचं ते. मंग मी कुंची घालायचे. उन्हाळ्यात सुद्दा. केस येईस्तवर काडली नाय."

ऊन अंगणात आलं होतं. डोक्याला चटका बसायला लागला तसे ते टॉवेल घ्यायला उठू लागले. आजीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"ऱ्हवंदे," ती म्हणाली. "दिसूंदे जरा."